पाण्यात काय काय टाकलं

कडूबानानांनी काउंटरवर मोसंबीची फांदी ठेवली, पिशवी बाजूला सारली, आणि मी फांदी हातात घेऊन पान उलटं करायच्या आत ते माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, “सोमेश्वरभाऊ, तुमच्या माशाला रवा लागलाय का काय?” मी लगेच मागे वळलो नाही. बावीस वर्षं झाली तीर्थपुरीत हे कृषी सेवा केंद्र चालवतोय. काउंटरच्या पलीकडून माणसं दाखवतात आणि अलीकडून मी बघतो, असाच इथला रिवाज आहे. पिवळं पान, सडलेलं बोंड, भोक पडलेलं वांगं, कधी प्लास्टिकच्या पिशवीत जिवंत अळी, हल्ली मोबाइलमधले फोटो. माझ्या बाजूचं काही आजारी असेल आणि ते पलीकडच्या माणसाला आधी दिसेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मग वळलो. दुकानाचं नवं फर्निचर केलं तेव्हा सुताराने पाठीमागे एक कप्पा जास्तीचा काढला होता, तो भरायला म्हणून वंदनाने, माझ्या बायकोने, हट्टाने आणवलेली ती काचेची टाकी. तिच्यात सात केशरी मासे. त्यांतल्या सगळ्यात मोठ्याच्या शेपटीवर आणि पाठीवरच्या पंखावर खरोखरच कुणी रवा शिंपडल्यासारखे पांढरे कण दिसत होते. दुसऱ्याने तळाच्या खड्यांवर अंग घासलं आणि झटकन वर आला. “काल न्हवतं असं,” मी म्हणालो. हे खोटं होतं. काल होतं की नव्हतं, मला माहीतच नव्हतं. रोज सकाळी मी त्यांना खाणं टाकत होतो, पण मासे बघत नव्हतो.

नानांना माझी गंमत करायला आवडतं. “दवाईच्या दुकानात मासे आजारी! कमाल झाली,” ते म्हणाले, “आधी ह्यांला बरं करा, मंग माझ्या बागेकडं या.” आणि हसता हसताच त्यांचा आवाज खाली आला. “न्हाई, पण खरंच सांगतो. थोरला पोरगा म्हणून राह्यला, बाग काढून टाकू, तिथं ऊस लावू. पंधरा दिसांनी जेसीबी सांगितलाय त्यानं. म्या म्हणलं, सोमेश्वरभाऊला इचारतो. ते ठेवा म्हणले तर ठेवायची, काढा म्हणले तर काढायची. तुमच्या शब्दावर हाय बघा.” अंकुशनगरच्या वाटेवर ओढ्याला लागून त्यांची तीनशे दहा झाडांची मोसंबीची बाग आहे, चौदा वर्षांची. खड्डे त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, गोजरबाईंनी, एका उन्हाळ्यात स्वतः खणलेले. मजूर लावायची ऐपत होती, तरी लावले नव्हते. जूनपासून नाना फांदी घेऊन येत होते आणि ही चौथी खेप होती. पहिल्यांदा नुसती पानं फिकी होती. मग शेंडे वाळायला लागले, मग फळगळ, आणि आता डिसेंबरात अर्ध्याअधिक झाडांचा पाला विरळ झाला होता. हे सगळं मला त्यांच्या सांगण्यावरून माहीत. बाग मी एकदाही पाहिली नव्हती. मी फांदी उलटीसुलटी केली, नखाने साल खरवडली, चेहरा गंभीर केला आणि तीन बाटल्या काढून दिल्या. “ह्यानं फरक पडंल,” म्हणालो. “आन बागेचं?” “या पंधरा दिसांनी. सांगतो.” नानांनी बाटल्या पिशवीत ठेवल्या, पिशवीला गाठ मारली आणि जाता जाता पुन्हा एकदा माशांकडे बघून घेतलं.

तीन बाटल्यांचं आमच्या धंद्यात शास्त्रच आहे. एक किडीची, एक बुरशीची, एक टॉनिकची. शेतकरी लांबून आलेला असतो, त्याला हात हलवत परत पाठवून चालत नाही, आणि पानावरचा डाग किडीचा, बुरशीचा की नुसत्या जस्ताच्या कमतरतेचा, हे पंख्याखाली उभं राहून, मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना ठरवायचं असतं. म्हणून तिन्ही द्यायच्या. तिघींतली एक तरी लागू पडते. आणि तिघींच्या जोडीला स्टिकर, म्हणजे एक निसरडा द्राव. पंपात थोडासा टाकला की औषध पानावर पसरतं, ओघळून जात नाही. स्टिकरशिवाय फवारा म्हणजे आमच्याकडे मीठ नसलेली भाजी. ही पद्धत काही मी शोधलेली नाही. लहानपणी पिंपळगाव रेणुकाईला आमच्या गल्लीत एक डॉक्टर बसायचे. ताप असो, जुलाब असोत, कंबर धरलेली असो, ते एक सुई टोचायचे आणि कागदाच्या पुडीत तीन गोळ्या द्यायचे, लाल, पांढरी आणि पिवळी. दहा वर्षांचा असताना मी तापाने पडलो आणि माझ्या डोक्यात किडा शिरला, की या तिघींतली ताप उतरवते ती कोणती? मी पिवळी तेवढी खाल्ली, बाकीच्या दोन भिंतीच्या फटीत दडवल्या. तीन दिवसांनी ताप उतरला. मी आनंदाने आईला सांगितलं, “ताप पिवळीनं उतरला.” तिने एक ठेवून दिली. गाल दुखला, पण त्याहून जास्त दुःख याचं झालं की माझा शोध कुणाला ऐकायचाच नव्हता. आणि आता, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, टाकीसमोर उभं राहून मला पहिल्यांदा सुचलं, की तिन्ही न खाऊन बघायचं तर राहूनच गेलं होतं. कदाचित पिवळीचाही काही संबंध नसेल.

हे सुचलं खरं, पण हाताला सांगायचं राहिलं. त्याच दुपारी मी माशांचं जे केलं ते माझ्या नेहमीच्या हाताने केलं. जालन्याला ज्याच्याकडून टाकी आणली त्याला फोन लावला. तो घाईत होता. म्हणाला, “व्हाइट स्पॉट असंल, निळी बाटली टाका.” निळी बाटली त्याने टाकीबरोबरच दिली होती. ती टाकली. मग वाटलं, रोग वेगळाच असला तर? वंदनाच्या डब्यातली हळद चिमूटभर टाकली. मूठभर मीठ टाकलं. घरात कुणाच्या तरी घशासाठी आणलेली कॅप्सूल उरली होती, ती फोडून अर्धी टाकली. शेतीचं एकही विष मात्र टाकलं नाही. बाटल्यांवर ‘माशांना विषारी’ असं लिहिलेलं असतं, ते मला पाठ आहे, तेवढी अक्कल शाबूत होती. आणि या अकलेचा अभिमान बाळगत असतानाच माझा हात फळीवर गेला, स्टिकरचं झाकण उघडलं, आणि औषध सगळीकडे पसरावं म्हणून मी काही थेंब पाण्यात सोडले. विचार करून नाही. इतकी वर्षं प्रत्येक मिश्रणाच्या शेवटी जे सांगत आलो ते हाताने आपलं आपण केलं. वंदना चहा घेऊन आली होती. “अहो, एवढं सगळं एकदम?” ती म्हणाली. “एक तरी लागू पडंल,” मी म्हणालो. बुडबुडे सोडणाऱ्या नळीपाशी पांढरा फेस जमायला लागला होता. औषध चांगलं मिसळतंय म्हणून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं तेव्हा चार मासे उताणे तरंगत होते. पाणी हिरवट झालेलं, वर फेसाचा थर. उरलेले तीन पाण्याच्या वरच्या कडेला तोंड लावून धापा टाकत होते. मी बादलीत बोअरचं साठवलेलं पाणी घेतलं, त्यात त्या तिघांना काढलं, नळी त्यांच्याकडे वळवली. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, हे आधी सांगतो, कारण त्याच्या मागोमाग जे वाटलं ते सांगायची जरा लाज वाटते. मला जाणून घ्यायचं होतं. हे रोगाने मेले की औषधाने? औषधाने, तर पाचांतल्या कोणत्या? आणि जे तीन जगले ते कशामुळे जगले? मेलेले मासे हातात घेतले तेव्हा त्यांच्या अंगावरचे कण अजून तसेच होते, आणि मला ते कण कुणाचे आहेत हे कळल्याशिवाय दुकान उघडवेना. वंदना म्हणाली, “बिचारे. मागं पेरूखाली पुरून या.” मी म्हणालो, “आधी दाखवून येतो.” “कुणाला? मेलेलं कुणाला दाखवतेत का?” मी चारही मासे ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले आणि तिला काउंटरवर बसवून निघालो.

कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या ज्योत्स्ना मॅडम माझ्या गिऱ्हाईक. गच्चीवर कुंड्यांत टोमॅटो लावतात. मी तीन बाटल्या पुढे केल्या की त्या एकही उचलत नाहीत. “भाऊ, आधी रोग सांगा, मग औषध,” म्हणतात, आणि म्हणून खरं सांगायचं तर मी त्यांना जरा टाळतोच. त्या दिवशी मीच डबा घेऊन त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा. त्यांनी डबा उघडला. माशाच्या पंखाचा एक तुकडा कात्रीने कापला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला, वरून पातळ काच, सूक्ष्मदर्शकात डोकावल्या, एक चाक थोडं फिरवलं, आणि उठून स्टूल माझ्याकडे सरकवलं. “काय हाय?” मी विचारलं. “तुम्हीच बघा. नाव नंतर सांगते.” हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. परभणीला, शेतकी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, वनस्पतिरोगाचे एक सर होते. ते फळ्यावर लिहायचे, नाव लिहू नका, दिसतं ते काढा. एक तास, एक पट्टी, एक पेन्सिल. मुलं कंटाळायची, शेजारच्याचं बघून काढायची. मला तो तास पुरायचा नाही. बुरशीचा एक धागा, त्याच्या टोकावरचा दाणा, दाण्याच्या भिंतीची जाडी, एवढ्यात माझा तास संपायचा आणि सर माझं अर्धवट चित्र वर धरून दाखवायचे. तो मुलगा कुठे गेला, कधी गेला, मला आठवत नाही. त्याने काही निरोप घेतला नाही, दुकानाचं लायसन्स काढलं आणि गेला.

डोळा लावला. आधी नुसता उजेड, मग पंखाच्या काड्या, आणि त्यांच्या मधे एक करडा गोल. त्याच्या सगळ्या कडेला बारीक केसांची लव होती आणि ती थरथरत होती. गोल सावकाश स्वतःभोवती फिरत होता, गिरणीचं जातं फिरतं तसा, आणि त्याच्या पोटात एक फिकट, वाकलेला आकार होता, घोड्याच्या नालेसारखा. मासा मेलेला आणि हा जिवंत. मी बघत राहिलो. किती सुंदर होता तो! माझे चार मासे संपवणाऱ्याला सुंदर म्हणावं का, हा विचारही मनात आला आणि मी तो बाजूला सारला. “हा निघाला कुठं?” मी विचारलं. मॅडम हसल्या. “पाण्यात. मासा मेला, म्हणजे ह्याचं इथलं काम संपलं.” मग त्यांनी फळ्यावर खडूने वर्तुळ काढून सांगितलं. हा जीव माशाच्या कातडीखाली राहतो, पोसतो, आपल्याला दिसतो तो पांढरा कण. कातडीखाली आहे तोवर त्याला कोणतंच औषध पोचत नाही. पोट भरलं की तो आपण होऊन गळून पडतो, तळाच्या खड्यांत जाऊन चिकटतो, स्वतःभोवती वेष्टन करून घेतो आणि आत एकाचे शेकडो होतात. ते शेकडो बाहेर पडून नवा मासा शोधत पोहतात. दोन दिवसांत सापडला नाही तर मरतात. मारायचं असेल तर तेवढ्या दोन दिवसांत. “म्हणजे रोग माशात न्हाई,” मी म्हणालो. “माशात दिसतो,” त्या म्हणाल्या, “असतो पाण्यात आणि तळात. नवीन मासा आणला होता का कुठून?” आणला होता. दहा दिवसांपूर्वी, सातवा, जालन्याहून, पंख्यासारख्या शेपटीचा, आणि पिशवीतून सरळ टाकीत सोडला होता.

“बरं, पाण्यात काय काय टाकलं होतं?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. स्टिकरपाशी त्या थांबल्या. “स्टिकर म्हणजे?” “औषध पानाला चिकटावं म्हणून टाकतेत. साबणावाणीच असतंय, पसरतं.” “आणि मासा श्वास कशानं घेतो, भाऊ?” त्यांनी माशाचा कल्ला उचलून आतली लाल झालर दाखवली, ती सुजून बुळबुळीत झाली होती. “मंग स्टिकरनंच मेले ना?” मी विचारलं, आणि माझ्या आवाजात जवळजवळ आशा होती. कशाने तरी मेले असं ठरलं असतं तर बरं झालं असतं. “असंल. पण कल्ले ह्या जिवानंही असेच होतात. तुम्ही पाच गोष्टी एकदम केल्या. आता मला काहीच सांगता येणार नाही,” मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. नुसतं सांगत होत्या. पण परत येताना, रिकामा डबा हँडलला अडकवून, ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आता मला काहीच सांगता येणार नाही. बावीस वर्षांत किती फांद्या, किती पानं माझ्या काउंटरवर आली, आणि बरी झालेली असोत की मेलेली, एकाचंही खरं कारण मला सांगता येणार नव्हतं. मी जे अनुभव म्हणून सांगत होतो तो अनुभव नव्हताच, नुसती वर्षं होती.

उरलेल्या तिघांना मी एका वेळी एकच गोष्ट करायची ठरवली. टाकी धुतली, खडे तसेच ठेवले, साठवलेलं पाणी भरलं, जालन्याहून हीटर मागवला. आधी नुसती ऊब, दिवसाला एक-एक अंश, एकोणतीसपर्यंत. रोज सकाळी दुकान झाडायच्या आधी स्टूल ओढून, पानांवरचे कोळी बघायचं भिंग घेऊन काचेला डोळा लावायचा आणि तिघांच्या अंगावरचे कण मोजायचे. मोठ्याच्या शेपटीवर एकोणीस. बारक्याच्या कल्ल्याजवळ चार. ठिपकेवाला एक होता, तो हलायचा फार, त्याचे कधी अकरा यायचे, कधी तेरा. चौथ्या दिवशी सकाळी एकाच्याही अंगावर एकही कण नव्हता. वंदना टाळ्या पिटायची तेवढी बाकी होती. “झाले की बरे! उगं तुम्ही डोक्याला ताण करून घेतला.” माझंही मन लगेच तिकडे धावलं. पण मी खड्यांकडे बघत राहिलो. आता ते तिथे होते, वेष्टनात, एकाचे शेकडो होत. सहाव्या दिवशी मासे पुन्हा अंग घासायला लागले, आणि सातव्या दिवशी मोठ्याच्या एकट्या शेपटीवर मी चाळीसपर्यंत मोजून सोडून दिलं. मला त्याची दया आली. माझ्या कुतूहलापायी मी त्याला चार दिवस जास्त भोगायला लावले का? बहुतेक हो. पण ऊब एकटीने भागत नाही, एवढं मला आता ठाऊक होतं, आणि अशी ठाऊक असलेली गोष्ट माझ्याकडे फार दिवसांनी आली होती. मग खडे मीठ वजन करून, पाण्यात विरघळवून, तीन हप्त्यांत. दुकानात येणारे विचारायचे, “चार मासे कुठं गेले हो?” मी सांगायचो, मेव्हण्याला दिले. दवाईवाल्याच्या टाकीत चार मेले, ही गोष्ट बाजारच्या दिवशी गावभर झाली असती.

खडे साफ करताना ते घडलं. ठिबकची एक नळी घेऊन, तोंडाने पाणी ओढून, मी तळाची घाण बादलीत काढत होतो. खडा बाजूला केला की खाली करडा गाळ, तो नळीत शिरायचा. वर मासे, वर कण, आणि रोग इथे खाली. आणि मनात, मी बोलावलेलं नसताना, कडूबानाना आले. नाना दर खेपेनंतर पंधरा दिवसांनी फोन करायचे. “फरक हाय, सोमेश्वरभाऊ. हिरवी झाली झाडं.” मग महिन्याने पुन्हा फांदी. मी तो फरक माझ्या खात्यावर धरत होतो. टॉनिक मारलं की पंधरा दिवस पान हिरवं दिसतंच, तेवढ्यात खाली काय चालू असेल, ते मी विचारलंच नव्हतं. खाली काय होतं? मग मला पहिली खेप आठवली, जूनमधली. पानं फिकी होती, बहुतेक नुसत्या जस्ताने भागलं असतं. मी दाणेदार खत दिलं होतं आणि सांगितलं होतं, “बुंध्यापाशी टाका, वर माती ओढून घ्या, पाणी सोडा.” मागे गर्दी होती, मिनिटभरात सांगून मोकळा झालो होतो. नानांनी ते धडा म्हणावा तसं म्हणून दाखवलं होतं, “बुंध्यापाशी टाकायचं, माती ओढायची, पाणी सोडायचं. बराबर?” “बिलकुल बराबर.” मोसंबीचं कलम जिथे बांधलेलं असतं तो जोड मातीच्या वर, उघडा राहिला पाहिजे, नाही तर ओल धरून साल कुजते. हे शेतकी कॉलेजात पहिल्या वर्षालाच शिकवतात. मला ते येत होतं. परीक्षेत लिहिलं होतं. आणि यंदाचा धो धो पाऊस तर सांगायलाच नको. नळी हातातून सुटली, पाणी फरशीवर पसरलं आणि मी तसाच उकिडवा बसून राहिलो.

उरलेले दिवस मी दोन गोष्टींची वाट बघत काढले. कण परत येतात का, आणि नाना येतात का. कण आले नाहीत. नवव्या दिवशी गळाले ते गळालेच. नानांना फोन करून सांगता आलं असतं. मी दोनदा नंबर काढला. पण काय सांगणार? बाग न बघता जून महिन्यात एक सांगितलं, आता बाग न बघता दुसरं सांगू? असं मी स्वतःला समजावत होतो, आणि ते अर्धं खरंही होतं. उरलेलं अर्धं म्हणजे मी भीत होतो. नानांना ‘काढा’ म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. जेसीबीने झाडं मुळासकट उपटली असती, जोड, माती, साल, सगळं एका ढिगात गेलं असतं आणि माझं मिनिटभराचं सांगणं त्याच्याबरोबर. कुणालाच कधी कळलं नसतं. हा विचार मनात आला हेही मी लपवत नाही.

पंधराव्या दिवशी अकराच्या सुमाराला नाना आले. हातात फांदी नव्हती. काउंटरशी न थांबता ते सरळ टाकीपाशी गेले, वाकून बघितलं. “रवा गेला की! पण सात होते ना?” दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तोंडात ‘मेव्हण्याला दिले’ तयार होतं. “चार म्या मारले, नाना,” मी म्हणालो. गिऱ्हाइकांनी वर बघितलं. नाना तसेच वाकलेले. “कशानं?” “पाच औषधं एकदम टाकल्ती. त्यातलं कशानं मेले ते सांगता येत न्हाई.” “आन हे कशानं जगले?” “मीठ पडल्यावर. नुसत्या उबेनं न्हाई झालं, ते आधी करून बघितल्तं.” नाना सरळ उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि मला कळलं की पुढचा प्रश्न त्यांना आधीच सुचलाय. “मंग माझ्या बागेला चार खेपात काय काय दिलं, त्यातलं लागू काय पडलं?” “मला माहीत न्हाई,” मी म्हणालो. हे तीन शब्द या काउंटरवरून मी कधी बोललो नव्हतो. विचित्र वाटेल, पण ते बोलून मला हलकं वाटलं. “बाग बघू द्या मला. मंग बोलतो,” मी म्हणालो. “जेसीबी उद्या येऊन राह्यला,” नाना म्हणाले. “आजच चला.” वंदनाला हाक मारून मी दुकान तिच्यावर सोडलं.

बागेत शिरल्यावर पहिल्याच झाडाच्या बुंध्याशी मी गुडघे टेकले. बुंध्याभोवती मातीचा उंचवटा होता, नीट, गोल, हाताने थापलेला. नानांनी माझं सांगणं किती मन लावून केलं होतं, ते त्या थापण्यात दिसत होतं. मी बोटांनी माती बाजूला ओढायला लागलो, नानांनी पलीकडून. वीतभर खाली कलमाचा जोड लागला. त्याच्याभोवतीची साल काळी पडली होती, बोट लावलं की सुटत होती, आणि डिंक ओघळून मातीत कालवला गेला होता. आंबूस वास आला. “हे गेलं,” नाना म्हणाले. दुसऱ्या झाडाची माती काढली. तिथे साल एका बाजूने काळी होती, दुसऱ्या बाजूला मी नखाने खरवडलं तर आत ओलसर हिरवी रेघ उमटली. तिसऱ्याचा बुंधा नुसता ओला होता, साल घट्ट. मी पुन्हा पुन्हा खरवडून बघत होतो, कुठवर काळं जातं, कुठून हिरवं सुरू होतं, आणि या बघण्यात काही क्षण मी भिणंही विसरलो. मग नानांचे हात थांबलेले दिसले. ते माझ्याकडे बघत नव्हते, मातीकडे बघत होते. “नाना,” मी म्हणालो, “ही माती जूनमधी म्या ओढायला सांगितल्ती. बाग न बघता. जोड बुजला म्हणून साल कुजली. पानाला जे व्हतं ते बारीकच व्हतं. हे माझ्यामुळं झालं.”

ओढ्याकडून वारा येत होता. नाना उठले, हाताची माती धोतराला न पुसता तसेच उभे राहिले. “किती वाचतील?” त्यांनी विचारलं. “एकेक उघडून बघावं लागंल. आत्ता काही सांगत न्हाई.” “तीनशे दहा हायेत.” “हो.” त्यांनी बागेवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, “तुम्ही घरी जा, सोमेश्वरभाऊ.” आवाजात शिवी नव्हती, पण जिव्हाळाही नव्हता, नेहमीचा तर अजिबात नव्हता. मी उठलो. बांधावरून गाडीपाशी आलो, किल्ली लावली. मागे नाना थोरल्याशी फोनवर बोलत होते. “न्हाई, उद्या नगं पाठवू जेसीबी. आरं, काढायचं-लावायचं राहू दे, मी सांगतो तुला घरी आल्यावर.” मी किल्ली फिरवणार तेवढ्यात त्यांनी हाक मारली. मी वळून बघितलं. ते चौथ्या झाडाशी खाली बसले होते आणि हाताने माती बाजूला ओढत होते.

“सकाळी सातला या,” ते म्हणाले. “एकट्यानं न्हाई व्हायचं.”

“येतो,” मी म्हणालो.

“आन येताना काही घेऊन येऊ नका. रिकाम्या हातानं या.”